सोलापूर जिल्ह्यात सेंद्रिय शेतीसाठी तज्ज्ञांचा सल्ला आणि खात्रीचे वाचनसाहित्य कुठे मिळेल?

आपली नोकरी सोलापूर शहरात आहे, वडिलांची जमीन मोहोळ तालुक्यात आहे, त्यातली निम्मी काळी आणि निम्मी मुरमाड आहे, आणि रासायनिक खते बंद करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाला विचारावे अशी आपली इच्छा आहे, एवढे प्रश्नावरून समजले. त्यातच आपण लिहिले आहे की ‘सरकारी केंद्रात गेलो तर ते रासायनिकच सांगतील, असे लोक म्हणतात.’ मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे, कारण माझे चुलत बंधू अण्णा कित्येक वर्षे हेच वाक्य मला ऐकवत आले आहेत.

आमची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात आहे. बागेच्या खालच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात पाणी थोडे तुंबते, तिथल्या एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली, मग वाळली, आणि पुढे शेजारच्या झाडाला तेच सुरू झाले. अण्णांनी सेंद्रिय शेतीचे सल्लागार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांना फी देऊन बोलावले. ते बांधावर उभे राहिले, गायी किती आहेत आणि त्या देशी आहेत का एवढे त्यांनी विचारले, आणि जीवामृताच्या (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रावणाच्या) आळवण्या, म्हणजे ते झाडाच्या मुळाशी ओतणे, स्वतःच्याच कंपनीच्या जिवाणू द्रावणाचे कॅन आणि ‘झाडाला ताण बसलाय, पाणी वाढवा’ असा सल्ला लिहून दिला. एक मूळ उकरून बघू या, असे मी म्हणालो तेव्हा त्यांनी ‘मुळांना धक्का लावू नका, निसर्गाला त्याचे काम करू द्या’ असे उत्तर दिले, आणि अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवघरात चप्पल घालून गेलो होतो.

ते गेल्यावर मी वाळलेले झाड जमिनीलगत करवतीने कापले. खोडाच्या आडव्या कापात गाभ्यापासून सालीकडे गेलेले करडे-काळपट पट्टे होते, चांदणीसारखे पसरलेले. खोडाचा तुकडा, पांढऱ्या मुळ्या आणि त्यांच्याभोवतीची माती वर्तमानपत्रात गुंडाळून मी केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नेली. हे केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे आणि देशभरच्या डाळिंबाचे काम तिथून चालते. असे असूनही आपल्याकडचे अनेक बागायतदार तिथे न जाता दुकानदाराच्या काउंटरवर पान दाखवून औषध आणतात.

तिथल्या शास्त्रज्ञांनी तुकडा पाहिला, पण निदान सांगण्याआधी प्रश्न विचारले. दोन झाडांत अंतर किती, ड्रीपर किती लिटरचा, संच किती वेळ चालतो, पाणी कुठे साचते, मुळ्यांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी दिसल्या का, खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोके आहेत का? मग त्यांनी सांगितले की हा सेराटोसिस्टिस बुरशीचा मर रोग आहे, आणि साचलेल्या ओलाव्यात तो वाढतो. म्हणजे पाणी वाढवण्याचा सल्ला नेमका उलटा होता. आता लोक म्हणतात तो भाग : त्यांनी पहिला उपाय रासायनिक बुरशीनाशकाच्या आळवणीचाच सांगितला, हे मी लपवत नाही. मी म्हणालो, बाग सेंद्रिय ठेवायची आहे. त्यावर वाद न घालता त्यांनी दुसरी यादी दिली. रोगट झाड मुळ्यांसकट काढून बागेबाहेर जाळावे, त्याची माती बागेतून ओढत नेऊ नये, खड्डा उन्हाळ्यात उन्हात तापवल्याशिवाय तिथे पुन्हा लागण करू नये, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, पाणी वाफशावरच (माती ओलसर पण चिकट नसताना) द्यावे, शेणखतात ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी वाढवून ते निरोगी झाडांना द्यावे आणि नवी लागण दाटीने न करता साडेचार बाय तीन मीटरवर करावी. आणि एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, जी फी घेणाऱ्याने सांगितली नव्हती : पूर्ण वाळलेले झाड कोणत्याही उपायाने परत येणार नाही.

खालची काही झाडे गेली, वरची रांग राहिली. अण्णांचे म्हणणे आजही असे की रांग जीवामृताने वाचली, कारण ते आम्ही घातले होतेच; माझे म्हणणे असे की पाणी तोडल्यामुळे आणि रोगट झाडे वेळेत जाळल्यामुळे वाचली. दोन्ही उपाय एकाच बागेत झाल्यामुळे या वादाचा निकाल लागत नाही, हे मला मान्य आहे. पण ‘शास्त्रज्ञांना सेंद्रियातले काय कळते’ या वाक्याचा निकाल माझ्यापुरता त्या दिवशी लागला. सेंद्रियची पाटी लावलेल्या माणसाकडे जाण्यापेक्षा आपल्या पिकाचा आणि आपल्या मातीचा माणूस शोधावा, आणि त्याला आत शिरताच सांगावे की मला सेंद्रियात बसणारा उपाय हवा आहे. न सांगता गेलात तर रासायनिक शिफारस मिळेल, आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.

आता आपल्या जमिनीविषयी. मोहोळला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेव्हा आपली पहिली पायरी तीच. रब्बी ज्वारीवरही मोहोळला संशोधन झाले आहे; मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण तिथूनच आले. उत्तर सोलापूर तालुक्यात खेडला दुसरे कृषी विज्ञान केंद्र आहे, ते आपल्याला शहरातून जवळ पडेल. काळ्या रानासाठी सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात जावे. या शहरात कोरडवाहूचे संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि त्यातले बरेचसे, आज ज्याला शाश्वत शेती म्हणतात, तेच आहे. पावसाळ्यात रानात सारे आणि आडवे बांध टाकून पाणी जागेवर मुरवायचे; ज्वारीला तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपायचे, म्हणजे भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. या शिफारशीत विकत घेण्याजोगी एकही बाटली नाही, आणि सेंद्रिय शेतीच्या शिबिरांत ती फारशी सांगितली जात नाही याचे कारणही बहुधा तेच असावे.

जाताना मातीचा नमुना नेलाच पाहिजे, आणि काळ्या व मुरमाड रानाचे नमुने वेगळे हवेत. सामू (आम्ल-विम्लता) आणि नत्र-स्फुरद-पालाश यांवर समाधान मानू नका. सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना तपासून मागा. आपल्या जिल्ह्यातल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात, आणि मग कोणीतरी त्यावर टॉनिक विकतो. हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून देणे हा त्यावरचा जुना उपाय आहे. प्रमाणित सेंद्रिय शेतीत मात्र त्यासाठी माती परीक्षणात कमतरता दिसावी लागते, म्हणून तो अहवाल जपून ठेवावा.

वाचनासाठी राहुरी विद्यापीठाची ‘कृषी दर्शनी’ घरात असू द्या, आणि अडल्या वेळी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, मात्र तिथे मातीचा नमुना दाखवता येत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर निर्यातीसाठी एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) आणि देशातल्या विक्रीसाठी पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करून द्यायची हमी, असे दोन मार्ग आहेत. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतराचा काळ धरावा, आणि त्या काळात सेंद्रियचा भाव मिळेल असे गृहीत धरून कर्ज काढू नये.

मी डाळिंबवाला आहे, ज्वारीविषयी वर लिहिले ते मंगळवेढ्याच्या सासुरवाडीत पाहिलेले आणि केंद्रातून ऐकलेले आहे, स्वतः पिकवलेले नाही. फी घेणारे सगळेच सल्लागार तसे असतात असेही नाही. रानात उतरून माती हातात घेणारे काही मलाही भेटले आहेत. सरकारी केंद्रात हवा तो माणूस दौऱ्यावर असू शकतो, म्हणून आधी फोन करून जावे. आणि आपल्या वडिलांनी जर आमच्या अण्णांसारखे म्हटले की तिथे जाऊन काही उपयोग नाही, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये, मातीचे नमुने काढायच्या कामाला त्यांनाच लावावे आणि मोहोळला त्यांनाच सोबत घेऊन जावे. अण्णांना केगावला नेण्याचे मला तेव्हा सुचले असते, तर हे उत्तर निम्म्यात संपले असते.