गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी ३ लाख रुपये जमवले आहेत. शाळेला २ खोल्या आहेत आणि पट ४० च्या आसपास आहे. वर्गखोल्या आधुनिक करायच्या तर स्मार्ट बोर्डपासून सुरुवात करावी का?

स्मार्ट बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या. आधी वर्गाच्या चारही भिंतींचा खालचा ३ फुटांचा भाग मुलांच्या ताब्यात द्या.

मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत अनेक वर्षं शिकवलं. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडेही २ खोल्या आहेत आणि पट ४० च्या आसपास आहे. म्हणजे परिस्थिती जवळपास तीच. अशा वर्गात गुरुजी पहिलीकडे वळले की दुसरी रिकामी बसते आणि दुसरीकडे वळले की पहिली. खोली बदलायची ती हा रिकामा वेळ भरून काढण्यासाठी. स्मार्ट बोर्डचा पडदा एकच असतो आणि तो एका वेळी एकाच इयत्तेचा असतो.

आमच्या खोलीत फळा एकच होता, तोही मोठ्या माणसाच्या उंचीचा. पोरं पाटीवर लिहायची आणि दाखवायला रांग लावायची. मग आम्ही गवंड्याकडून खालच्या भिंतीला गुळगुळीत सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि त्यावर फळ्याच्या रंगाचे दोन हात दिले. जमिनीपासून साधारण १ फूट सोडायचा आणि ३ फुटांपर्यंत जायचं. खिडक्यांची खालची कड बहुतेक शाळांत त्याच्या वरच असते, त्यामुळे खिडकीखालची जागाही मिळते. हिशोब करून बघा: २० बाय १६ ची खोली म्हणजे ७२ फूट भिंत. दार, कपाट, गुरुजींची जागा वजा केली तरी ५० फूट उरते. एका मुलाला २ फूट धरले तर २५ मुलं एकाच वेळी फळ्यावर लिहू शकतात. आपलं नाव टाकलेला फळ्याचा तुकडा मिळाला की मूल त्यावर किती लिहितं, ते बघण्यासारखं असतं. आणि खोलीच्या मध्ये उभं राहून मला एका नजरेत कळायचं की हातच्याची बेरीज कुणाची अडली आहे. वह्या तपासून ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

ही कल्पना माझी नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा प्रशासकीय गट) शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकेल असे वर्ग उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक यायचे. मीही गेलो होतो. तिथं जमिनीवर आखलेल्या चौकटी, खालचे फळे, हाताशी ठेवलेल्या काड्या, मणी, शब्दकार्डं. पुढं २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि फरशा रंगवण्याची लाटच आली. त्या लाटेत आमच्याकडून झालेली चूक मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याकडे पैसे आहेत आणि पैसे असले की ती हमखास होते.

आम्ही पेंटर बोलावून दोन्ही वर्गांच्या भिंती छतापर्यंत रंगवल्या. बाराखडी, पाढे, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा, सगळं चकचकीत ऑइलपेंटमध्ये. पालक खूश झाले. महिनाभरात मुलांचं त्याकडे बघणं थांबलं. उत्तरं भिंतीवर कायमची लिहिलेली असतील तर मुलाला तिथं करण्यासारखं काही उरत नाही. शिवाय चकाकीमुळे खिडकीसमोरच्या भिंतीवरचं वाचताच येईना, आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी मुलं रंगवलेल्या फरशीवरून घसरायची. म्हणून फरशीवर कायमचं रंगवायचं ते मोजकंच: १ ते १०० ची चौकट, एक लांब संख्यारेषा, १०-१२ रिकामे गोल. गोलात आज अक्षरं, उद्या गुणाकार, खडूनं. बाकी भिंतीवर दोऱ्या बांधा आणि मुलांची चित्रं, लेखन त्यावर लावा, दर पंधरवड्याला बदला.

इमारतीतूनच शिकवण्याच्या कल्पनेवर वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी ‘बाला’ (बिल्डिंग ॲज लर्निंग एड) या नावानं फार चांगलं काम केलंय. दार उघडताना होणारे कोन जमिनीवर आखून ठेवायचे, खिडकीच्या गजांत वळणं करायची म्हणजे लहान बोटं त्यावरून फिरतात, खांबावर उंचीची मोजपट्टी. दाराखालचा कोनमापक आम्ही केला होता. चौथीची मुलं ‘दार ६० अंशांवर ठेव’ असं सांगायची, तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

आणखी मागं गेलात तर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला शिंपले, बिया, खडे, पानं यांचंच शैक्षणिक साहित्य केलं होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणावर नेली. वर्गाची रचना मुलाच्या दिवसाप्रमाणे बदलायची असते, हे मला त्यांच्या कामातून पटलं. तुमच्या गावात चिंचोके, सागरगोटे, बांबू मिळत असतील तर गणिताच्या पेट्यांवर फार खर्च करू नका. खर्च करा तो उघड्या, बुटक्या मांडण्यांवर. कुलपात ठेवलेलं साहित्य मुलांच्या उपयोगाचं नसतं.

एका गोष्टीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे आवाज. छत पत्र्याचं असेल तर पाऊस लागला की शिकवणं बंदच पडतं. आमच्याकडे जुलैत दिवसचे दिवस असे जायचे. उन्हाळ्यात तोच पत्रा तापतो. तुमची शाळा पत्र्याची असेल तर पत्र्याखाली छत करून घेणं हा ३ लाखांतला पहिला खर्च असावा, फळ्यांच्याही आधी.

पहिली-दुसरीचे बाक काढा, जाड बसकरपट्ट्या घ्या. तिसरी-चौथीला दोन मुलं उचलून हलवू शकतील अशी हलकी, बुटकी टेबलं पुरतात.

एवढं करून पैसे उरले तर टीव्ही घ्या, पण खिडकीसमोर लावू नका आणि लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टरही धरा. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. तो कोड म्हणजे कागदाचा छोटा चौकोन. त्यातून मूल घरी, आईच्या मोबाइलवर धडा पुन्हा ऐकू शकलं.

रक्कम खर्च करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या आणि दोन्ही शिक्षकांना विचारा की त्यांचा सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया जातो. मुलांनाही विचारा. आमच्या तिसरीच्या मुलींनी पुस्तक वाचायला एक कोपरा मागितला होता, तो आमच्या कुणाच्याच यादीत नव्हता. गिलाव्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत काढा. तो पुरता वाळल्याशिवाय फळ्याचा रंग देऊ नका, पोपडे निघतात.