विचारा टीचरना : पाय ठेवला त्यांचं काय?

फेब्रुवारी आला की आपल्या वसईच्या, जपानात मारल्या गेलेल्या संत गोन्सालोंचं नाव निघतंच. या महिन्यात आलेली तिन्ही पत्रं फिरून फिरून जपानलाच जाऊन पोचली. नेहमीचं एकदा सांगून टाकते : मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, फादर किंवा सिस्टर नाही. धर्मशास्त्राचा शेवटचा शब्द हवा असेल तर आपापल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, विचारा.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची तसबीर आहे. तिच्यात संत गोन्सालो गार्सिया यांच्या हातापायांत खिळे ठोकलेले आहेत. युवा मेळाव्यात एका वक्त्याने सांगितलं की खिळे नव्हतेच. खरं काय? (एक विद्यार्थी, नालासोपारा)

उत्तर : वक्त्याचं बरोबर आहे. नागासाकीला हातपाय आणि मान लोखंडी कड्यांनी क्रुसाला जखडली होती आणि जीव घेतला तो भाल्यांनी. युरोपात चित्रं काढणाऱ्यांनी नागासाकी कुठे पाहिलं होतं? त्यांच्या डोळ्यांपुढे क्रूस म्हणजे प्रभूचा क्रूस, म्हणून खिळे आले. तसबीर काढू नकोस हं, आजोबांची आहे.

मला खटकतं ते वेगळंच. भाषणांत सर्रास 'फादर गोन्सालो' म्हणतात. ते फादर नव्हते. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, जन्म १५५७ च्या सुमारास वसईचा. किल्ल्यात येशूसंघीयांकडे (जेझुइट फादरांकडे) शिकले, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा पक्की शिकले. येशूसंघात घ्या म्हणून खटपट केली, पण घेतलं नाही. मग व्यापार केला, चांगला चालला, तो सोडून मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले, म्हणजे व्रत घेतलेले पण धर्मगुरू नसलेले. १५९३ साली पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना मारलं, त्यांत ते होते. त्या सव्वीसांत बारा-तेरा-चौदा वर्षांची तीन मुलंही होती. १८६२ साली सर्वांना संतपद मिळालं, म्हणजे भारतात जन्मलेला पहिला संत आपल्या वसईचा आणि तो ब्रदर.

प्रश्न : टीचर, मी तुमच्या शाळेत नव्हते, पण माझी मावशी तुमची विद्यार्थिनी. मी तीन वर्षं सौदीत नर्स आहे. इथे चर्च नाही हे ठाऊक असूनच आले, घराचं कर्ज होतं. मी आणि केरळच्या दोघी शुक्रवारी खोलीत हळू आवाजात जपमाळ म्हणतो. मम्मी व्हॉट्सॲपवर धर्मग्रामाच्या कॅलेंडरचा फोटो पाठवते, त्यावरून सण कळतात. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी मला नाइट ड्युटी होती. युनिफॉर्म बदलताना खिशातून माझी दहा मण्यांची छोटी जपमाळ खाली पडली. ती आजीची होती. आमच्या सुपरवायझर बाईंनी ती उचलली आणि विचारलं, ही कुणाची? रागावून नाही, सहज विचारलं. चार जणी उभ्या होतो. मी म्हटलं, माझी नाही. त्यांनी ती हरवलेल्या वस्तूंच्या ड्रॉवरमध्ये टाकली. वर्ष होत आलं, ती तिथेच आहे. गोन्सालोंच्या गावची मुलगी म्हणवून घ्यायची मला लाज वाटते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. (एक परिचारिका)

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचा कोंबडा तुला कोणीही ऐकवेल, म्हणून तो मी ऐकवत नाही. मी तुला गोन्सालोंच्याच नागासाकीला नेते, पण टेकडीवरून खाली, गावात.

२०१८ साली आम्ही बावीस जण तिथे गेलो होतो. निशिझाकावर सव्वीस हुतात्म्यांचं ब्राँझचं मोठं शिल्प आहे. सगळे ओळीने उभे, बहुतेकांचे हात जोडलेले, पावलं जमिनीवरून उचलल्यासारखी अधांतरी. गाइडने आमचा गोन्सालो दाखवला, आम्ही रडलो, फोटो काढले, वसईहून नेलेली मेणबत्ती लावली. त्यांच्याबद्दल तिथे सांगतात की टेकडीवर पोचताच ते थेट एका क्रुसाकडे गेले आणि विचारलं, माझा हाच का? नाही म्हटल्यावर दुसऱ्याकडे नेलं, तिथे त्यांनी गुडघे टेकून क्रुसाला मिठी मारली. हे तुला ठाऊक असणार, आपल्याकडे दरवर्षी ऐकवतात. तुला टोचतंय तेही हेच असावं.

दुसऱ्या दिवशी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत एक वस्तू पाहिली. लाकडाच्या फळीत बसवलेला धातूचा पत्रा, वहीच्या पानाहून लहान. त्यावर उठावाची आकृती, कडेवर बाळ घेतलेली बाई असावी. असावी म्हणते, कारण तोंड नव्हतं. नाक, डोळे, ओठ सगळं झिजून सपाट, आपल्या जुन्या पाट्यावरची टाकी जाते ना, तसं. बाळाचं डोकं म्हणजे नुसता उंचवटा. याला 'फुमिए' म्हणतात, पाय देण्याची प्रतिमा.

१६१४ साली तोकुगावा या सत्ताधारी घराण्याने साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पुढे नागासाकीत दरवर्षी, वर्षाच्या सुरुवातीला, गावच्या सगळ्यांना रांगेत उभं करून मारियाच्या किंवा क्रुसावरच्या प्रभूच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. आईच्या कडेवरच्या बाळाचे पायसुद्धा टेकवत. आधी यासाठी भाविकांच्याच घरांतून जप्त केलेल्या प्रतिमा वापरल्या. त्या पुऱ्या पडेनात, तेव्हा १६६९ साली एका ओतकाऱ्याकडून पितळेच्या वीस प्रतिमा मुद्दाम करून घेतल्या. पाय दिला नाही तर पकडून नेत आणि मग काय काय होई ते इथे लिहीत नाही.

किती तरी जण पाय न देता मेले. पण मी त्या पेटीपुढे उभी राहून विचार करत होते तो तोंड झिजण्याचा. किती पाय पडले असतील? त्यांतले किती त्या बाईला आई मानणाऱ्यांचे असतील? ते पाय देऊन घरी जात. दार लावत. आणि मग एक प्रार्थना म्हणत, तिचं नाव 'कोन्चिरिसान'. पोर्तुगीजांकडून शिकलेला शब्द, अर्थ मनापासूनचा पश्चात्ताप. बंदीच्या आधी, १६०३ च्या सुमारास, या नावाची पुस्तिका त्यांच्यासाठी तयार झाली होती : पापनिवेदनाला फादरच मिळाले नाहीत तर माणसाने देवाकडे कसं वळावं. १६४४ साली देशातला शेवटचा फादर मारला गेला, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं ना मिस्साची उपासना, ना तिच्यात कुणाच्या जिभेवर मिळणारं ख्रिस्तशरीर. मग कामं गावकऱ्यांनीच वाटून घेतली. एक जण सणवारांचा हिशेब ठेवायचा, त्याला चोकाता म्हणत. दुसरा मिझुकाता, पाण्याचा माणूस, बाळांना स्नानसंस्कार देणारा. तिसरा घरोघरी निरोप पोचवायचा. वरवर सगळे बौद्ध मंदिरात नाव नोंदवलेले. कपाटात कान्नोन देवीची पांढरी मूर्ती, मांडीवर मूल असलेली. बघणाऱ्याला कान्नोन, घरच्यांना मारिया.

तुझ्या मम्मीचा कॅलेंडरचा फोटो वाचला आणि मला तो चोकाताच आठवला. का ते सांगते.

परदेशी लोकांसाठी म्हणून फ्रेंच फादरांनी नागासाकीत ओउरा इथे एक चर्च बांधलं. जपानी माणसाला धर्माची बंदी होतीच. चर्च कुणाच्या नावाने? त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या, म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही. १७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारी दाराशी पंधराएक माणसं येऊन थांबली, उराकामी गावची शेतकरी मंडळी. फादर पेतिजाँनी दार उघडलं आणि आत जाऊन गुडघे टेकले. तोच एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, आम्हां सगळ्यांचं हृदय तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? फादरांनी मूर्ती दाखवली. बोलता बोलता त्या लोकांनी सांगितलं, सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. तुम्हीही पाळता का?

मी इतिहासवाली, घरी आल्यावर हिशेब केला. १८६५ साली ईस्टर १६ एप्रिलला होता, आणि उपवासकाळ, म्हणजे त्यांचा दुःखाचा काळ, ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १ मार्चला. सतरा मार्च म्हणजे बरोबर सतरावा दिवस. दोनशे वर्षं फादर नाही, रोमचं पत्र नाही, आणि एक दिवसाची चूक नाही! आमच्या गावात चर्चला लाउडस्पीकर आहे, तरी उपवासकाळ सुरू झाल्याचं मला कोळणीची टोपली हलकी झाली की कळतं.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. ओउराच्या दारात आलेली ती माणसं कुणाची नातवंडं-पतवंडं? पाय न देता मेलेल्यांची फार थोडी असणार, त्यांचा वंशच उरला नव्हता. ती पाय ठेवून घरी परतलेल्यांची. ज्या आजीने सकाळी मारियाच्या तोंडावर पाय ठेवला, तिनेच रात्री नातीला नमो मारिया शिकवली. मी हुतात्म्यांना कमी लेखत नाही, गोन्सालोंसमोर मी आजही गुडघे टेकते. पण या आजीचा सण कुठल्या धर्मग्रामात होतो? तिच्यावर एक तरी प्रवचन ऐकलंस? मी सत्तर वर्षांत ऐकलेलं नाही आणि याचा मला राग आहे.

आणि गोष्ट तिथेही संपत नाही. फादरांची गाठ पडल्यावर उराकामीचे लोक उघड वागू लागले. १८६७ पासून धरपकड झाली, सुमारे ३,४०० जणांना घरांतून उठवून देशभर पांगवलं, सहाशेवर माणसं परतली नाहीत. या वेळी आजीच्या नातवंडांनी 'नाही' म्हटलं. १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या. परतलेल्यांनी काय केलं? ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना वर्षानुवर्षं पाय द्यायला लावलं होतं, ती जागाच विकत घेतली आणि तिच्यावर चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ ला त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेही पुन्हा उभं केलंय.

तू 'माझी नाही' म्हणालीस, ते खोटं होतं. गोड बोलून मी ते पुसणार नाही, तुलाही ते नको असणार. सुट्टीवर आलीस की फादरांना सांग, पाच मिनिटांचं काम आहे. तोवर पश्चात्तापाची प्रार्थना तुला येतेच, पहिल्या कम्युनियनला पाठ केली होतीस. मिस्सा चुकते म्हणून मात्र जीव जाळू नकोस. जिथे मिस्साच नाही तिथे ती चुकली असं होत नाही. त्या देशाचे नियम पाळूनच राहा, धाडस करून दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, केरळच्या पोरींनाही त्यात ओढू नकोस. शुक्रवारची जपमाळ सोडू नका.

राहिली ड्रॉवरमधली. सुपरवायझर बाई सहज बोलल्या असं तूच लिहितेस. मला इथे बसून त्यांचा स्वभाव कळणार नाही, तुला कळतो. मागावीशी वाटली तर 'ती माझ्या आजीची आहे' एवढंच म्हण, ते खरंही आहे. नाही मागितलीस तरी दहा मणी मोजायला दहा बोटं आहेत. आमची आई वाडीत पानवेलींना पाणी लावताना बोटांवरच मोजायची.

मम्मीला सांग. कॅलेंडर पाठवणाऱ्या बाईला हे ऐकवायला हरकत नाही.

प्रश्न : माझी आई ८८ वर्षांची आहे. मे महिन्यात क्रुसाजवळ लदीनची प्रार्थना म्हणताना जुने लॅटिन शब्द मोडूनतोडून म्हणते. नातवंडं हसतात. तिला नीट उच्चार शिकवावेत का? (एक वाचक, विरार)

उत्तर : अजिबात नको. जपानच्या इकित्सुकी बेटावर असे लोक होते, जे फादर परत आल्यावरही चर्चकडे वळले नाहीत. पूर्वजांनी शिकवलं तेच म्हणत राहिले. त्या प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणतात, हाही लॅटिनचाच शब्द. त्यांत एक गाणं आहे, 'गुरुरियोझा'. म्हणणाऱ्यांना अर्थ माहीत नव्हता. ते निघालं मारियाचं जुनं लॅटिन स्तोत्र, 'ओ ग्लोरिओसा दोमिना'. तीन-चारशे वर्षं तोंडातोंडी चालत आल्यावर 'ग्लोरिओसा'चं 'गुरुरियोझा' होणारच.

माझी आजी 'ओरा प्रो नोबीस'ला 'वरापोनोबी' म्हणायची. आम्हीही हसायचो. आज त्या चालीतली एक ओळ मला आठवत नाही, आणि विचारायला कोणी राहिलेलं नाही. तेव्हा नातवंडांना हसून घेऊ द्या आणि त्यांच्याच फोनवर सगळं रेकॉर्ड करायला लावा. संध्याकाळी नको, तेव्हा कुत्री फार भुंकतात. सकाळी, आईचा चहा झाल्यावर, पंखा बंद करून. सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवून घ्या.