झाडकामासाठी चिपर: ड्रम घ्यावा की डिस्क, आणि जास्त टिकतो कोण?

तुम्ही विचारलंय की झाडं छाटायचं काम करता, माणसं मोजकीच आहेत, ६ इंची चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स, करणारं मशीन) घ्यायचाय, एक ड्रमवाला आणि एक डिस्कवाला बघून ठेवलाय, एचपी दोघांचा सारखाच, मग काम कोण जास्त उरकेल आणि बंद कमी कोण पडेल. मी दोन्हीवर काम केलंय. माझं ऐकाल तर एचपी आणि इंच हे दोन आकडे जरा बाजूला ठेवा आणि आधी फीड बघा, म्हणजे फांदी आत ओढणारे रोलर आणि त्यांच्या पुढचं तोंड, कारण दिवसाचा खरा वेळ तिथेच जातो किंवा वाचतो.

६ इंची म्हणजे ६ इंचाचं लाकूड त्यात जाऊ शकतं एवढंच, दिवसभर तेच टाकत बसा असं कंपनी म्हणत नाहीये. ४ इंचाच्या फांदीपेक्षा ६ इंचाच्या ओंडक्याचं कापायचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, त्यामुळे फरक दोनच इंचांचा दिसला तरी इंजिनाचा दम तिथेच निघतो. तुमचा बहुतेक माल ४ इंचाच्या आतला असेल तर ६ इंची मशीन आरामात चालेल, पण रोज ५-६ इंचाचं येत असेल तर सरळ ८ इंची बघा.

आता ड्रम की डिस्क. डिस्कवाल्यात एका जड चकतीवर पाती बसवलेली असतात आणि बऱ्याच मशीनमध्ये लाकूड तिच्यावर तिरपं येतं, काप स्वच्छ बसतो, ताकद कमी लागते आणि चिप्स एकसारख्या पडतात. चकतीला मागून पंखेही असतात, त्यामुळे ओला पाला सुद्धा जोरात बाहेर फेकला जातो. अडचण एकच, तोंड सहसा लहान असतं, म्हणून फाटे फुटलेली फांदी अडकते आणि कुणीतरी बाजूला उभं राहून करवतीने ती सुटी करत बसतं. ड्रमवाल्यात पाती आडव्या सिलिंडरवर असतात, तोंड रुंद असतं आणि वरचा रोलर पसरलेली फांदी दाबून दाबून आत घेतो. चिप्स जरा लहानमोठ्या येतात, आणि ज्या मॉडेलचा फेकायचा जोर कमी असतो त्यात ओला पाला चिप्स बाहेर फेकणाऱ्या धुराड्यात चोंदतो. पण तुमच्याकडे माणसं कमी आहेत ना, मग फांद्या सुट्या करण्यात जाणारा वेळ हाच सगळ्यात मोठा खर्च आहे, म्हणून झुडपी, फाटेवाला माल जास्त असेल तर मी ड्रमच घेईन. चिप्स बॉयलरसाठी विकायच्या असतील आणि एकसारख्या हव्या असतील तर डिस्क.

रोलरबद्दल अजून एक. लोड आला, इंजिनचे आरपीएम पडले की रोलर आपोआप थांबतो, इंजिन सावरलं की पुन्हा ओढायला लागतो, ही सोय हवीच, व्हर्मीअर कंपनी तिला स्मार्टफीड म्हणते, बाकीच्यांची नावं वेगळी आहेत पण काम तेच. ती नीट सेट केलेली आहे का हे कानाला कळतं, आवाज थोडा खाली जातो, रोलर थांबतो, आवाज वर येतो, फांदी परत सरकते. आवाज पार बसल्यावर रोलर थांबत असेल तर कुठल्या आरपीएमला थांबायचं तो आकडा चुकीचा लावलाय, तसं चालवलं तर बेल्ट आणि क्लच दोन्ही लवकर जातात.

टिकण्याचं म्हणाल तर माझ्या मते निम्म्याहून जास्त बिघाडांचं मूळ बोथट पातं असतं. धार गेली की मशीन कापायच्या ऐवजी ठेचायला लागतं, व्हायब्रेशन वाढतं, बेअरिंगवर मार बसतो, डिझेल जास्त जातं, आणि मग लोक म्हणतात मशीन खराब निघालं. ओळखायला सोपं आहे, पडलेल्या ढिगातल्या मूठभर चिप्स हातात घ्या, कडा स्वच्छ असतील तर ठीक, धागे सुटलेले, चेचलेले तुकडे आणि भुसाच भुसा असेल तर पाती काढायची वेळ झाली. पात्यांच्या समोर जी स्थिर लोखंडी पट्टी असते, अ‍ॅनव्हिल, तिच्यातलं आणि पात्यातलं अंतर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ठेवायचं, तिची कड गोल झाली असेल तर नुसत्या पात्यांना धार लावून काही होत नाही, लांब सालं आणि वेली तशाच न कापता आत जातात आणि गुंडाळल्या जातात. सगळी पाती एकदमच घासायची, सारखीच घासायची, नाहीतर बॅलन्स जातो. पात्यांचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्यानेच आवळायचे, अंदाजाने नाही. आणि हे सगळं किल्ली काढून खिशात, ड्रम पूर्ण थांबलेला आणि तो फिरू नये म्हणून लॉकपिन लावलेला असतानाच, कारण इंजिन बंद केल्यावरही जड ड्रम किंवा चकती बराच वेळ फिरत राहते.

ग्रीनमेक कंपनीच्या काही मशीनमध्ये पाती गोल असतात, एका बाजूची धार गेली की पातं सैल करून फिरवायचं, नवी धार पुढे येते. ज्यांच्या मालात माती-खडे येतात त्यांना हे फार उपयोगाचं. तरी मातीत लोळलेली फांदी, खिळे मारलेलं लाकूड आणि मुळं चिपरमध्ये घालूच नका, धार काही मिनिटांत जाते.

इंजिनाचं थोडक्यात. युरोपात स्टेज ५ या प्रदूषणाच्या नियमांनुसार १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण २५ एचपीच्या वरच्या नव्या डिझेल इंजिनांना धुराचा फिल्टर लागतो. मशीन सारखं आयडलवर ठेवत असाल तर तो काजळीने भरतो आणि मग साफ करत बसावं लागतं, त्यामुळे थोडं थोडं काम करणाऱ्याने त्या मर्यादेच्या आतलं इंजिन बघितलं तर डोक्याला ताप कमी. रेडिएटरची जाळी मात्र कुठल्याही मशीनमध्ये दिवसातून दोनदा तरी झाडा, पाल्याच्या धुळीने ती झाकली जाते आणि इंजिन तापतं.

जुनं घेणार असाल तर तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. वीसेक मिनिटं चालवा, बंद करा, ड्रमच्या दोन्ही बेअरिंगांच्या घरांजवळ हात न्या, एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर तिथे लवकरच खर्च आहे. हायड्रॉलिक होसवर घासल्याच्या खुणा बघा, रोलरचे दात बघा, ते गुळगुळीत झाले असतील तर फांदीची साल सोलत बसतात आणि फांदी जागची हलत नाही. तोंडापाशी जो सेफ्टी बार असतो तो मशीन चालू असताना स्वतः ढकलून बघा, रोलर त्या क्षणी थांबला पाहिजे. कुणी तो तारेने बांधून ठेवलेला दिसला तर ते मशीन घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी.

डेमोला जाताना तुमचा स्वतःचा माल घेऊन जा, ओला पाला, वेली, तीन फाटे असलेली फांदी, शोरूमवाले नेहमी सरळ सोटच टाकून दाखवतात. बुंध्याची बाजू आधी आत घाला, बाजूला उभे राहा, आणि झाडावर चढायचे दोर मशीनपासून लांब ठेवा, फांदीत गुंतलेला दोर आत गेला तर माणूस ओढला जातो, असे जीव गेलेत. दोन्ही मॉडेलची नावं आणि तोंडाची रुंदी-उंची इथेच खाली टाका, बघून सांगतो कुठलं तुमच्या मालाला बसेल.