३८ कार्यक्रम, ७७ दिवस: दौऱ्यावर जा, पण राजीनामा देऊन नको

प्रश्न: मी सेलूचा (जि. परभणी), वय ३१. ढोलकी, संबळ, हलगी वाजवतो. एका विनाअनुदानित शाळेत संगीत शिक्षक आहे, हातात महिना १६,००० येतात. शिवाय लग्नं, जागरण-गोंधळ, भजनाची साथ यातून ५-६ हजार सुटतात. पुण्याच्या एका लोककला संचाने पहिल्यांदाच मोठ्या दौऱ्यावर बोलावलं आहे. संक्रांतीपासून मार्चअखेरपर्यंत ३८ कार्यक्रम, पुणे-नाशिक-कोल्हापूर, मग रत्नागिरी-गोवा, शेवटी इंदूर-बडोदा. कार्यक्रमाला २,५०० रुपये बिदागी. प्रवास-मुक्काम त्यांचा. १०,००० आगाऊ, बाकीचा हिशोब दौरा संपल्यावर. ऑक्टोपॅडही (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हवा असं ते म्हणतात. नवा ७८,००० आणि वाद्यांच्या पेट्या ७,०००. शाळा रजा देईल असं वाटत नाही, म्हणून राजीनामा द्यावा आणि बँकेतली एक लाखाची एफडी मोडावी असा विचार आहे. आणखी ८०,००० एका मल्टिस्टेट पतसंस्थेत १२ टक्क्यांनी आहेत, ते हलवायचे नाहीत. घरी आई, बायको, चार वर्षांची मुलगी. घरखर्च महिना १३,०००. काय करू?

नमस्कार,

तुमचा विचार मुळात बरोबर आहे, जायलाच हवं. शाळा आणि लग्नं यांतच राहिलात तर पुढची दहा वर्षं बिदागी सेलू-जिंतूर-मानवतच्या भावानेच मिळत राहील. पुण्याच्या संचाबरोबर चार राज्यांत वाजवलेला वादक परत आल्यावर वेगळा भाव सांगू शकतो. त्यामुळे जावं की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझी हरकत तुमच्या हिशोबाला आहे. तुम्ही कार्यक्रम मोजलेत, मला दिवस मोजायचे आहेत.

३८ गुणिले २,५०० म्हणजे ९५,००० रुपये. आकडा डोळ्यांत भरतो. पण १४ जानेवारी ते ३१ मार्च हे ७७ दिवस होतात. त्यातले ३९ दिवस तुम्ही वाजवणार नाही. बसमध्ये असाल, लॉजवर असाल, नाहीतर पुण्यात पुढच्या तारखेची वाट बघत असाल. त्या दिवसांची बिदागी शून्य. ‘प्रवास-मुक्काम आमचा’ यात जेवण आलेलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ते सहसा मिळतं, बाकीच्या दिवशी बहुधा खिशातून. दिवसाला २५० धरले तरी ३९ दिवसांचे ९,७५०. सेलू-पुणे जाणं-येणं आणि मध्ये एकदा घरी चक्कर, ३,०००. चहा, रिचार्ज, धुणं, औषधगोळी रोजचे ८० धरले तर ६,१६०.

आणि वाद्यांचा खर्च, जो तुम्ही अजिबात धरलेला नाही. परभणीच्या कोरड्या हवेत चढवलेलं पान (वाद्याच्या तोंडावरचं कातडं) रत्नागिरी-गोव्याच्या दमट हवेत सैल पडतं, सूर उतरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. नटबोल्टची ढोलकी असेल तर आवळून भागेल, पण रोज आवळलेलं पान लवकर जातं. संबळाचंही तेच. तिथं गावात कारागीर शोधत फिरायला वेळ नसतो, म्हणून पानांचे जादा जोड घरूनच न्यावे लागतील. या सगळ्याला ५,००० धरा.

एकूण खर्च २४,००० च्या घरात. ९५ मधून २४ गेले, उरले ७१,०००. म्हणजे दिवसाला सव्वानऊशेच्या आसपास.

आता घरी राहिलात तर? ७७ दिवसांचा पगार ४१,००० आणि लग्न-गोंधळाचे १५,००० धरले तर ५६,०००. दौऱ्याचा खरा फायदा ९५,००० नाही, १५,००० आहे. तोही ३८ च्या ३८ कार्यक्रम झाले तर. एक कार्यक्रम रद्द झाला की २,५०० बिदागी गेली आणि त्या दिवसाचं जेवण खिशातून, म्हणजे २,७५० चा फटका. असे पाच रद्द झाले तरी कसंबसं निभेल, सहाव्याला तुम्ही तोट्यात जाता. आणि कार्यक्रम रद्द होतातच. कुठं आचारसंहिता लागते, कुठं प्रायोजक मागे सरतो, कुठं आयोजकांची तिकिटं खपत नाहीत. आपल्याकडे पीक गेलं की यात्रेची वर्गणी सगळ्यात आधी आटते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. शहरातल्या कार्यक्रमांच्या सुपारीचंही फार वेगळं नसतं.

म्हणून राजीनामा नको. वर्षाला १,९२,००० देणारी नोकरी १५,००० च्या फायद्यासाठी सोडता येत नाही, आणि एप्रिलमध्ये काय, हे संचाने तुम्हाला सांगितलेलं नाही. शाळा रजा देणार नाही हा तुमचा अंदाज आहे, विचारून बघा. स्नेहसंमेलन उरकलं की संगीत शिक्षकाचं काम शाळेला तेवढं निकडीचं राहत नाही, हे मुख्याध्यापकांनाही कळतं. लेखी अर्ज द्या: बिनपगारी रजा, नेमक्या तारखा, आणि तुमच्या जागी तास घेणाऱ्याचं नाव. तुमच्याकडे शिकलेला एखादा मोठा विद्यार्थी असेल तर त्याला तयार करा, त्याला महिना चार-पाच हजार तुम्ही स्वतः द्यावे लागले तरी द्या. दौऱ्याचा बराचसा फायदा त्यात जाईल, हे मला माहीत आहे. पण परत येऊन उभं राहायला जागा असेल, आणि घरात लहान मुलगी असताना त्या जागेची किंमत मी जास्त धरतो. शाळा नाहीच म्हणाली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा हिशोब वेगळा मांडावा लागेल आणि बिदागीही वेगळी मागावी लागेल.

ऑक्टोपॅडबद्दल स्पष्ट सांगतो, या दौऱ्यासाठी घेऊ नका. हातात पडणारे ७१,००० आणि साज ८५,००० चा, म्हणजे सबंध दौरा दुकानदारासाठी वाजवल्यासारखा होईल. संचाला ऑक्टोपॅड हवा असेल तर तो संचाने आणावा किंवा भाड्याने घ्यावा, वाजवायला तुम्ही आहात. तुम्हीच आणायचा असा त्यांचा हट्ट असेल तर कार्यक्रमामागे ५०० रुपये साजाचं भाडं वेगळं मागा. ३८ कार्यक्रमांचे १९,००० होतात. त्या भावानेही ७८,००० फिटायला असे साधारण चार दौरे लागतील, हे बोलताना लक्षात असू द्या. तुम्हाला बोलावलं ते संबळ आणि ढोलकीसाठी. ऑक्टोपॅड वाजवणारे पुण्यात पुष्कळ मिळतात. पेट्यांचे ७,००० मात्र जरूर खर्च करा. बसच्या डिकीत साउंडच्या खोक्यांखाली संबळ दबला तर पुढच्या गावी वाजवायला काही उरणार नाही.

एफडी मोडायची गरज ऑक्टोपॅडसाठी नाही, पण दुसऱ्या कारणाने पैसे लागणारच आहेत आणि ते कारण तुमच्या पत्रात नाही. हिशोब दौरा संपल्यावर होणार. तोपर्यंत अडीच महिने घरी ३३,००० लागतील आणि तुम्हाला रस्त्यावर २४,०००. एकूण ५७,०००, आणि हातात आगाऊ १०,०००. ४७,००० चा खड्डा आहे. एफडी ऑक्टोपॅडवर घालवली असती तर फेब्रुवारीत घरच्यांना कुणाच्या तरी दारात जावं लागलं असतं, आणि आपल्याकडे शेकडा तीनने देणारे लगेच भेटतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

हा खड्डा संचाशी बोलूनच बुजवायचा आहे. दर १५ दिवसांनी झालेल्या कार्यक्रमांचा हिशोब खात्यावर मागा. ‘शेवटी एकदम देऊ’ यात तुमची दीड-दोन महिन्यांची मेहनत त्यांच्याकडे बिनव्याजी अडकते, आणि मध्येच संच फुटला तर ती मागायला तुम्ही पुण्याला किती वेळा जाणार? चांगले संच पंधरवड्याला पैसे द्यायला का-कू करत नाहीत. जो करतो, त्याच्या तिकीटविक्रीबद्दल मला शंका येते. आगाऊ रक्कमही २०,००० मागा. एवढं झालं तर एफडीला हात लावावा लागणार नाही. तरी पहिल्या पंधरवड्यात कमी पडलं, तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. बँका ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि तेही जेवढे दिवस जेवढे पैसे वापरले तेवढंच. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी दराने मिळतं, वर दंड.

निघण्याआधी बोलणं लेखी हवं. स्टँपपेपर काढायला संच तयार होईलच असं नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही सगळं लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. त्यात बिदागी, दर पंधरा दिवसांचा हिशोब आणि साजाचं भाडं हवं. रिकाम्या दिवसाचा भत्ता ३०० रुपये मागा, अडीचशेवर मिटलं तरी तुमचा ९,७५० चा खर्च वाचतो. आठवड्याच्या आत कार्यक्रम रद्द झाला तर निम्मी बिदागी. दौरा मध्येच थांबला तर घरापर्यंतचं भाडं त्यांचं. आणि ढोलकीच्या तुकड्यावर खूश होऊन रसिकाने हातात ठेवलेलं बक्षीस कुणाचं, तुमचं की संचाच्या डब्यातलं? यावरून मित्रामित्रांत कायमचं वाजलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही पद्धती चालतात, पण आधी ठरलेली बरी.

टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची, कल्पना असू द्या. वर्षभरात एकाकडून ५०,००० च्या वर मानधन घेतलं की तो १० टक्के कापू शकतो, म्हणजे तुमचे ९,५०० जाऊ शकतात. पॅन दिलं नसेल तर २० टक्के कापले जातात, तेव्हा पॅन आधीच द्या. पगार, लग्न-गोंधळ आणि दौरा मिळून तुमचं उत्पन्न तीन लाखांच्या आसपास जाईल. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतील. संचाकडून टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. रोख दिलं आणि कापलंही नाही असं झालं, तरी तारखेनुसार वहीत लिहून ठेवा.

रात्रीचा बसप्रवास ही दौऱ्यातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. कार्यक्रम बाराला संपतो, सामान भरून दोनला बस निघते, चालकही दिवसभर जागाच असतो. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती ४३६ रुपयांत, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. दोन्हींवर वारस म्हणून बायकोचं नाव आहे ना, ते पासबुक घेऊन शाखेत बघून या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारची प्रत बॅगेत ठेवा. ती घरीही राहू द्या, आईला कधीही लागू शकते. ही राज्याची योजना असल्याने गोवा, इंदूर, बडोद्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रत्येक गावच्या कार्यक्रमाची पत्रिका, तुमचं नाव छापलेलं पोस्टर, आयोजकाचं पत्र जपून ठेवा. राज्याकडून वृद्ध कलावंतांना महिना ५,००० मानधन मिळतं, पण कलेत किती वर्षं घालवली हे कागदावर दाखवावं लागतं. परभणी-हिंगोलीकडचे कितीतरी जुने संबळवाले आणि आराधी केवळ कागद नसल्यामुळे खेटे घालताना मी पाहतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

राहिली पतसंस्था. तुम्ही बँकेची एफडी मोडून पतसंस्थेतले ८०,००० ठेवायला निघाला होतात, कारण तिथं १२ टक्के आहेत. मला हे उलट हवं आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. बीड, संभाजीनगर भागात गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेट संस्थांच्या बंद शटरसमोर किती लोक बसले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तुमची संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. बँकांपेक्षा एवढं जास्त व्याज देणाऱ्याला ते पैसे कुठंतरी त्याहून महाग कर्जाने फिरवावे लागतात, एवढंच म्हणतो.

पावतीवरची तारीख आजच बघा. मुदत दौऱ्याच्या काळात संपत असेल, तर बऱ्याच संस्था आपोआप नूतनीकरण करून टाकतात आणि मार्चअखेर ‘आता मुदतीआधी मोडावी लागेल’ असं ऐकावं लागतं. निघण्याआधी स्वतः जाऊन ‘नूतनीकरण करू नये, रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी’ असा अर्ज द्या, पोच घ्या, आणि पावतीची झेरॉक्स पोचसह बायकोकडे ठेवा. मुदत अजून लांब असेल तर थोडं व्याज सोडून आत्ताच काढा.