आधी पुठ्ठा, मग संगणक

अनेक आशीर्वाद.

डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा विषय तू घेतलास, याचा मला मनापासून आनंद झाला. चित्रकला बेताची आहे म्हणून घाबरू नकोस. इथलं स्केच समोरच्याला कळलं की पुरे: मापं लिहिलेली हवीत, जोड कुठे येणार ते दिसायला हवं.

मला काळजी वेगळीच आहे. बरीच मुलं पहिल्याच कल्पनेच्या प्रेमात पडतात आणि ती संगणकावर सजवत बसतात. पडद्यावर सगळंच छान दिसतं. मूठ फार जाड झाली, अंगठा बटणापर्यंत पोचत नाही, हे कळतं वस्तू हातात आल्यावरच. म्हणून आधी पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी घे. ओबडधोबड नमुना कर आणि जो ती वस्तू वापरणार त्याच्या हातात दे. काही समजावू नकोस, नुसतं बघ. तो जिथे अडखळेल तिथेच तुझं पुढचं काम आहे. अमेरिकी उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे सोलाणं धरणं जड जायचं. त्या अडचणीतून १९९० मध्ये जाड, मऊ मुठीची ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकघरातली अवजारं आली आणि धडधाकट हातांनाही ती आवडली. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी तर पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले. तुला तेवढे नकोत, पण तीन-चार हवेतच.

साहित्याचा अभ्यासही हातानेच कर. प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून वाकव, मग तीच कडेवर उभी धरून वाकवून बघ. तुळईची उंची दुप्पट केली की ती आठपट ताठ होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. हे सूत्र मग पाठ करावं लागत नाही. थ्री-डी प्रिंटरवरची वस्तू थरांच्या सांध्यात आधी तुटते, तेव्हा जोर कुठल्या दिशेने येणार ते ठरवूनच ती छापायला घे. आणि करवतीचं पातं निदान स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खातं, म्हणून नेहमी रेषेच्या टाकाऊ बाजूने काप.

फसलेले नमुने फेकू नकोस. त्यांचे फोटो तारखेसह फाईलमध्ये लाव, शेजारी काय बदललंस आणि का, ते दोन ओळींत लिही. परीक्षकाला तुझा विचार तिथेच दिसतो. शेवटी रातोरात रंगवलेल्या पानांत तो सापडत नाही.

पहिला नमुना वापरणारा काय म्हणाला, ते मला जरूर कळव.