नंबर तोच, कंपनी नवी: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत: कंपनी बदलायची आहे, पण नंबर जायला नको. सांगलीत माझं मोबाइलचं दुकान आहे आणि काउंटरवरही रोज हाच विषय निघतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, यालाच पोर्ट करणं म्हणतात. त्याआधी शिंपी, डॉक्टर, प्लंबर असे कितीतरी लोक नको झालेल्या कंपनीतच राहायचे, कारण नंबर पाटीवर रंगवलेला असायचा. आता तर बँक, गॅस, आधार, शाळा सगळं त्याच दहा आकड्यांना बांधलेलं असतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे: पोर्ट जरूर करा, पण घाईत करू नका आणि दुसऱ्याच्या हातात सोडू नका.

प्रश्न: ताई, माझं वय एकसष्ट, राहणार चिपळूणजवळच्या एका गावात. माझा नंबर मिस्टरांच्या नावावर आहे. ते गेल्या वर्षी वारले. घरात रेंज नाही, अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलावं लागतं. दुसऱ्या कंपनीचं सिम विकणारा मुलगा म्हणतो, "काकू, तुमचं आधार द्या, पोर्ट करतानाच नंबर तुमच्या नावावर करून टाकतो." माझं बँकखातं, गॅस, आधार सगळ्याला हाच नंबर आहे. असं केलं तर चालेल का? मधेच नंबर गेला तर?

उत्तर: काकू, त्या मुलाला तूर्त थांबायला सांगा. नंबर नावावर करणं आणि कंपनी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोर्टच्या अर्जावर सही करणारी व्यक्ती नंबरची नोंदणीकृत धारक असायला हवी, आणि आज तरी ती तुम्ही नाही. पोर्टच्या वाटेनं मालकी बदलत नाही. शिवाय मालकी बदलाचा अर्ज चालू असतो तोवर पोर्टसाठी लागणारा कोडच मिळत नाही. म्हणून आधी नाव, मग कंपनी.

नाव बदलण्यासाठी आत्ता ज्या कंपनीचं सिम आहे तिच्याच अधिकृत कार्यालयात जा. रिचार्ज मारणाऱ्या टपरीवर हे काम होत नाही. मिस्टरांचा मृत्यू दाखला, तुमचं आधार आणि तुम्ही त्यांच्या पत्नी असल्याचा एखादा कागद, रेशनकार्ड वगैरे, सोबत ठेवा. मुलं असतील तर त्यांची हरकत नसल्याचं पत्र मागू शकतात. प्रत्येक कंपनीचा नमुना थोडा वेगळा असतो, तेव्हा चिपळूणची खेप घालण्याआधी कस्टमर केअरला फोन करून कागदांची यादी लिहून घ्या. तिथे तुमचा फोटो काढून नवीन केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होईल. हे होईपर्यंत चालू सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. तुमच्या बँकेचे निरोप मग त्या माणसाला जातील.

नाव बदलताना तुम्हाला नवं सिम दिलं, तर तिथून सात दिवस थांबावं लागेल. १ जुलै २०२४ पासून नियम आहे की सिम बदलल्यावर सात दिवसांच्या आत पोर्टचा कोड मिळत नाही. ग्राहकांना याचा राग येतो, पण मला हा नियम फार मोलाचा वाटतो. चोर खोटे कागद दाखवून एखाद्याच्या नंबरचं दुसरं सिम काढायचे आणि लगेच तो नंबर दुसऱ्या कंपनीत पळवायचे. मूळ मालकाला कळेपर्यंत खातं रिकामं झालेलं असायचं. या सात दिवसांत मालकाला जागं व्हायला वेळ मिळतो.

या मधल्या दिवसांत नव्या कंपनीची रेंज तपासून घ्या. शेजारच्या कुणाकडे ते सिम असेल तर त्यांचा फोन घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात, माजघरात, रात्री झोपता त्या खोलीत बसून बोलून बघा. आता कंपन्यांना त्यांच्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे द्यावे लागतात, घरच्या कुणाकडून तेही बघून घ्या. पण कोकणात डोंगराच्या या अंगाला रेंज असते आणि त्या अंगाला नसते. तुमच्या घरात कानाला लावलेला फोन नकाशापेक्षा खरं सांगेल.

रेंज पटली की पुढचं काम सोपं आहे. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर पाठवायचा. तुम्ही पात्र असाल तर आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, तिथे पुन्हा केवायसी होतं आणि नवं सिम हातात मिळतं. ते लगेच चालू होत नाही. मोबाइल सेवेच्या एकाच विभागातल्या पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात. रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत, म्हणून गणपतीच्या तोंडावर अर्ज केलात तर जास्त थांबावं लागेल. कधी बदल होणार त्याचा मेसेज येतो. बहुतेक वेळा हे रात्री होतं. जुन्या सिमची रेंज गेली की नवं घालायचं. मधे चारेक तास फोन बंद राहू शकतो, नंबर मात्र कुठेही जात नाही. बँकेत किंवा गॅस एजन्सीत काही कळवावं लागत नाही. फोनवरून पैसे पाठवत असाल, तर ते अ‍ॅप नव्या सिमची एकदा पडताळणी मागेल, तेवढं घरच्या कुणाकडून करून घ्या.

एक राहिलंच. जुन्या सिममधला बॅलन्स आणि उरलेली मुदत नव्या कंपनीत येत नाही, ती बुडते. तेव्हा वर्षाचं मोठं रिचार्ज आत्ता मारू नका, महिन्याच्या छोट्या पॅकवर काम काढा.

प्रश्न: मी बार्शीत शिकतो. सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारतो, त्यात एसएमएस नाहीत. १९०० ला मेसेज पाठवला की "पाठवता आला नाही" असं येतं. दुकानदार म्हणतो मोठं रिचार्ज मार आणि वर पोर्टचे दोनशे रुपये दे.

उत्तर: दोन्ही देऊ नकोस. रिचार्ज कितीही रुपयांचं असो, प्रीपेड असो की पोस्टपेड, पोर्टसाठीचा १९०० वरचा मेसेज प्रत्येक ग्राहकाला पाठवता आला पाहिजे, असा आदेश ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना दिला आहे. तेव्हा तुझ्या कंपनीच्या तक्रार केंद्राला १९८ वर फोन कर, हा आदेश सांग आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. त्यानं काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तिथे ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बऱ्याचदा तक्रार क्रमांक पडल्यावर मेसेज जायला लागतो. दोनशे रुपयांचं म्हणशील, तर पोर्टचं ठरवलेलं शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे आणि नवा ग्राहक मिळतोय म्हणून कंपन्या बहुधा तेही घेत नाहीत. नव्या कंपनीचं पहिलं रिचार्ज तेवढं तुला द्यावं लागेल.

प्रश्न: नाशिकहून डोंबिवलीला बदली झाली आहे. पोस्टपेड नंबर आहे, चालू महिन्याचं बिल यायचं आहे. दोन राज्यं नाहीत, मग विभाग बदलतो का? बिल न भरता पोर्ट होईल का?

उत्तर: विभाग बदलतो, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. मोबाइलच्या नकाशात गोव्यासह महाराष्ट्र हा एक विभाग आहे आणि मुंबई, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली हा वेगळा. नाशिक पहिल्यात, डोंबिवली दुसऱ्यात. ३ जुलै २०१५ पासून विभाग ओलांडूनही नंबर नेता येतो, त्यामुळे काळजी नाही, फक्त तीनऐवजी पाच कामाचे दिवस धरा. अर्ज डोंबिवलीतच द्या. कोडचा मेसेज तिथूनही जातो.

बिलाचं थोडं नीट समजून घ्या. जे बिल निघालं आहे आणि भरायची तारीख उलटून गेली आहे, ते थकलेलं असेल तर कोड मिळणार नाही. न निघालेल्या बिलामुळे पोर्ट अडत नाही, पण ते माफही होत नाही. पोर्ट झाल्यावर जुनी कंपनी शेवटचं बिल पाठवते, बहुधा ईमेलवर. लोक म्हणतात, आता त्यांचा काय संबंध, आणि सोडून देतात. तसं करू नका. थकबाकी राहिली तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून तुमचा नंबर बंद करवू शकते. घेताना तुम्ही काही मुदतीच्या करारावर सही केली असेल, हँडसेटसोबतची योजना वगैरे, तर त्या अटी आधी पुऱ्या कराव्या लागतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असणंही गरजेचं आहे. तुमचे झाले असतीलच, पण नाशिकला अलीकडेच पोर्ट केला असेल तर तारीख पाहा.

आणि तो नंबर फॅमिली प्लॅनमधला जोडनंबर आहे का? असेल तर तो बहुधा मुख्य धारकाच्या नावावर असतो. मग वरच्या चिपळूणच्या काकूंसारखंच, आधी नाव.

प्रश्न: मी परिचारिका आहे, पुण्यात. पुढच्या महिन्यात रुग्णालय सोडतेय. नंबर रुग्णालयानं दिलेला आहे, पण कितीतरी वर्षं पेशंट, नातेवाईक, माझी बँक, सगळ्यांकडे हाच. मी पोर्ट करून घेऊ का?

उत्तर: गुपचूप नको, आणि तसा होणारही नाही. नंबर संस्थेच्या नावावर आहे, त्यामुळे पोर्ट करायचा झाला तरी संस्थेचं अधिकारपत्र लागतं. शेवटचा दिवस यायच्या आत एचआरला लेखी विनंती कर की हा नंबर माझ्या वैयक्तिक नावावर करून द्यावा. त्यांनी ना हरकत पत्र दिलं की कंपनीच्या कार्यालयात जाऊन नाव बदलता येतं. बिलांचा हिशेब मिटलेला असावा लागतो. हे राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळात मागणं आणि सोडून गेल्यावर मागणं यात फार फरक पडतो, म्हणून उद्याच बोल. ते नाही म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालण्यात नोटिशीचे दिवस घालवू नकोस. स्वतःच्या नावाचं सिम घे आणि जुना नंबर चालू आहे तोवर बँक, आधार, पीएफ सगळीकडे नवा नोंदव. जुना नंबर बंद झाल्यावर ओटीपी कुठे येणार?

प्रश्न: लातूरहून लिहितो. बाबा पंच्याहत्तरीचे, साधा बटणांचा फोन. नेट वापरत नाहीत, तरी नेटचे पैसे भरावे लागतात. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू का?

उत्तर: दादा, आधी आहे त्या कंपनीकडे फक्त बोलणं आणि एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की असे पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवले पाहिजेत, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येते. दुकानात ते स्वतःहून दाखवत नाहीत, नाव घेऊन विचारावं लागतं. रेंज चांगली असेल तर बाबांना नव्या सिमच्या फंदात पाडायची गरज नाही.

प्रश्न: काल एक फोन आला. "ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, चालू ठेवायचा तर १९०० ला मेसेज करा आणि आलेला कोड सांगा." मी घाबरून कोड सांगून बसले. आता? (कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी तुम्हाला फोन केलाच. इतरांसाठी तेच इथे लिहिते. ट्राय कुणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही. तो कोड म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायची परवानगी. तो मागणारा माणूस दुकानदार असो, ओळखीचा असो की साहेब, फोनवर सांगायचा नाही. तुम्ही स्वतः नव्या कंपनीच्या दुकानात बसला असाल तरच द्यायचा.

तुमच्या नंबरसाठी पोर्टचा अर्ज झाल्याचा मेसेज आला, तर अर्जापासून २४ तासांत इंग्रजी अक्षरांत कॅन्सल, मग जागा सोडून नंबर, असं १९०० वर पाठवा, अर्ज रद्द होतो. त्याच वेळी १९८ वर तक्रार नोंदवा. फोनची रेंज अचानक गेली आणि तासाभरात आली नाही, तर वाट बघू नका. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खात्यातले व्यवहार आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. ज्या नंबरवरून फोन आला तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीत नोंदवा. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. ओळखीचा नसलेला एखादा नंबर दिसला तर "हा माझा नाही" अशी नोंद तिथेच करता येते.