बूमस्लँग आणि मागचे दात

प्रश्न : बूमस्लँग या सापाचे विषदंत जबड्यात मागे असतात. मग माणसाला चावला तरी विष कसे भिनणार?

उत्तर : हे साप हाताळणारेही मला ऐकवतात, आणि दर वेळी माझे डोके फिरते! आफ्रिकेतल्या झाडांवरचा हा साप जबडा इतका फाकवतो की मागचे दातही बोटात रुततात. खरा दगा पुढे आहे. कित्येक तास विशेष काही जाणवत नाही. दरम्यान विष रक्त गोठवणारे घटक संपवत राहते, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त. १९५७मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना असाच लहान बूमस्लँग चावला. एकच दात खोल गेला होता. ते लक्षणे टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. बूमस्लँगच्या विषावरचे वेगळे प्रतिविष दक्षिण आफ्रिकेत बनते. तिथले अनेक सापांवरचे नेहमीचे प्रतिविष याच्या विषावर चालत नाही. स्वभावाने मात्र बिचारा भित्राच.